नकाशाला आपला रंग द्यायचाय : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी नकाशांचेच प्रश्न जास्त आलेत. नाशकात सध्या ज्याला त्याला स्वतःचा नकाशा बनवायचाय, कुणाला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी, कुणाला सिंहस्थाला येणाऱ्या लोकांसाठी, कुणाला आपल्या द्राक्षबागेसाठी, आणि मला ते मनापासून आवडतंय. पायथनमधलं फोलियम असो की थेट जावास्क्रिप्टमधलं लीफलेट, दोन्ही नकाशे बनवायची तयार साधनं, दोन्ही फुकट आहेत आणि फोलियम आतून लीफलेटच वापरतं, त्यामुळे एकाचं उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्यालाही लागू पडतं. चार-पाच ओळींत नकाशा उभा राहतो. घोडं अडतं ते त्याच्यापुढे, तो आपल्याला हवा तसा दिसावा म्हणून धडपड सुरू झाली की.

उत्तरांआधी एकच सांगते. लीफलेटच्या नकाशावर जे काही दिसतं ते साधारण तीन गोष्टींचं बनलेलं असतं. मागचा रस्ते-नद्यांचा पट म्हणजे तयार चित्रांचे चौकोनी तुकडे, टाइल म्हणतात त्याला. तुम्ही काढलेल्या रेषा आणि सीमा म्हणजे एसव्हीजी, ब्राउझर आकडे वाचून जागेवर काढतो ते आकार. आणि पॉपअप म्हणजे क्लिक केल्यावर उघडणारा डबा, टूलटिप म्हणजे नावाची छोटी पट्टी, कोपऱ्यातली बटणं हे सगळं साधं एचटीएमएल, वेबपानाचा नेहमीचा मजकूर. रंग, फॉन्ट, जाडी काहीही बदलायच्या आधी ती गोष्ट या तिघांपैकी कशात मोडते ते बघा, कारण तिघांना स्टाइल द्यायची वाट वेगळी आहे आणि खालच्या बहुतेक अडचणी त्याच घोळातून आल्यात.

प्रश्न : ताई, मी पंचवटीत राहते, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. फोलियममध्ये महापालिकेच्या सहा विभागांचा नकाशा केलाय, नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर. प्रत्येकाची जिओजेसन फाइल, म्हणजे सीमेचे अक्षांश-रेखांश असलेली, वेगळी आहे, लूप लावून प्रत्येकाला वेगळा रंग देते, पण सेव्ह करून उघडलं की सगळे विभाग एकाच रंगाचे, तेही शेवटच्या. लूपमध्ये प्रिंट करून बघितलं तर रंग बरोबर येतात. वेड लागायची पाळी आलीय.

उत्तर : अगं, कोड जवळजवळ बरोबर आहे तुझा. लूपमध्ये स्टाइलसाठी तू लॅम्डा, म्हणजे एका ओळीचं बिननावाचं फंक्शन, लिहितेस, त्यात 'रंग' हे व्हेरिएबल वापरतेस, पण लॅम्डा त्या क्षणीचा रंग स्वतःजवळ ठेवत नाही, फक्त नाव लक्षात ठेवतो. फोलियम ते फंक्शन खऱ्या अर्थाने वापरतं नकाशा सेव्ह होताना, आणि तोपर्यंत लूप संपलेला असतो, 'रंग' मध्ये सातपूरचा रंग बसलेला असतो. मग पूर्व असो की पंचवटी, सगळे सातपूरच्याच रंगात. प्रिंट जागच्या जागी चालतं म्हणून ते खरं दाखवतं.

पटकन सुटका हवी असेल तर लॅम्डा या शब्दानंतर जो एक्स येतो त्याच्या पुढे स्वल्पविराम देऊन 'रंग = रंग' असं लिही, म्हणजे प्रत्येक फेरीला त्या वेळचा रंग डीफॉल्ट किंमत म्हणून आत बांधला जातो. पण मी तुझ्या जागी असते तर लूपच काढून टाकला असता. सहाही विभाग एकाच जिओजेसनमध्ये घे, प्रत्येकाच्या प्रॉपर्टीजमध्ये विभागाचं नाव असू दे, वर एक डिक्शनरी कर, नाव आणि रंग, आणि स्टाइल फंक्शन एकच ठेव जे आलेल्या फीचरचं नाव वाचून डिक्शनरीतला रंग परत देईल. डिक्शनरीत नाव सापडलं नाही तर राखाडी दे. याचा फायदा बघ, कुठे 'नाशिकरोड' आणि कुठे 'नाशिक रोड' असं लिहिलं गेलं असेल तर तो विभाग राखाडी दिसेल आणि चूक डोळ्यांनीच सापडेल.

आणखी एक, 'कलर' म्हणजे सीमारेषेचा रंग आणि 'फिलकलर' म्हणजे आतला. नुसता फिलकलर दिला तर कडेला लीफलेटचा तो ठरलेला निळा तसाच राहतो, हॅश ३३८८एफएफ, जाडी ३, आणि आतला रंग ०.२ इतकाच गडद म्हणून तो फिका फिका वाटतो. सीमा पांढरी कर, जाडी १.५, आणि 'फिलओपॅसिटी' ०.६ च्या आसपास, लगेच फरक दिसेल.

विभागांना आपसात कमी-जास्त असं काही नसतं तेव्हा सहा वेगळे रंग ठीक. उद्या त्याच नकाशावर पाण्याच्या तक्रारी दाखवायच्या झाल्या तर मात्र एकाच रंगाच्या फिक्या ते गडद छटा घे, आणि तक्रारींना लोकसंख्येने भागून मगच रंगव, नाहीतर जिथे माणसं जास्त तो विभाग आपोआप गडद होतो आणि नकाशा खोटं बोलायला लागतो. छटा निवडायला सिंथिया ब्रूअर यांचं कलरब्रूअर बघ, फोलियमच्या कोरोप्लेथमधली, म्हणजे आकड्यांप्रमाणे विभाग रंगवायच्या सोयीतली, रंगांची नावं तिथूनच आलीत.

प्रश्न : नमस्कार मॅडम. आमचं घर गोदाकाठाजवळ आहे. आम्ही चार-पाच जण मिळून लीफलेटमध्ये पूररेषांचा नकाशा करतोय, निळी आणि लाल रेषा. अडचण अशी की निळी रेषा नदीच्या निळ्यात आणि पुलांच्या, रस्त्यांच्या गर्दीत हरवून जाते, तुटक केली तरी तुटक दिसत नाही, आणि लेअर बंद करून परत चालू केला की आतला रंग रेषांच्या वर येऊन बसतो. निळीच्या जागी जांभळी रेषा घेतली तर चालेल का?

उत्तर : जांभळी अजिबात घेऊ नका. एरवी मी रंगांच्या बाबतीत कुणाला अडवत नाही पण इथे रंग हेच त्या रेषेचं नाव आहे. आपल्याकडे निळी पूररेषा म्हणजे ढोबळमानाने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, नदीपासून निळीपर्यंतचा पट्टा निषिद्ध, निळी ते लाल नियंत्रित. २००८ च्या पुरानंतर नाशकात हे शब्द घराघरात गेलेत, आपला प्लॉट निळ्यात की लाल्यात असं लोक सरळ बोलतात. तुमच्या नकाशात निळी जांभळी झाली तर बघणाऱ्याला ती तिसरीच कुठली रेषा वाटेल. म्हणजे निळी निळीच ठेवायची, आणि तिच्या भोवतालची निळाई कमी करायची.

मागचा पट हा टाइलचा, म्हणजे चित्र. त्यातल्या नदीला वेगळा रंग देता येत नाही, पण सगळा पट एकदम करडा करता येतो. लीफलेट सगळ्या टाइल एका डब्यात ठेवतं, त्याचा क्लास 'लीफलेट-टाइल-पेन'. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची सजावट सांगणाऱ्या नियमांत, त्या क्लासला फिल्टर द्या, ग्रेस्केल १०० टक्के. फक्त टाइल करड्या होतात, तुमच्या रेषा आणि मार्कर वेगळ्या डब्यात असल्यामुळे त्यांना धक्का लागत नाही. करडं करूनही गडद वाटलं तर टाइल लेअरची ओपॅसिटी ०.६ वर आणा. स्वस्तातल्या फोनवर फिल्टर कधीकधी जड जातो, तसं झालं तर मुळातच फिका बेसमॅप, म्हणजे मागचा पट, घ्या, कार्टो कंपनीचा पॉझिट्रॉन यासाठीच केलेला आहे.

आता रेषा. प्रत्येक रेषा एकावर एक अशी दोनदा काढा. खाली पांढरी, जाडी ७, वर निळी, जाडी ३. निळीच्या दोन्ही बाजूंनी पांढरी किनार सुटते आणि पूल असो, रस्ता असो, अक्षरं असोत, कशावरूनही गेली तरी ती उठून दिसते. छापील नकाशे काढणारे रस्त्यांना ही किनार कायमच देत आलेत. खालच्या पांढरीला 'इंटरअॅक्टिव्ह' फॉल्स करायला विसरू नका, नाहीतर कडेला बोट लागलं की क्लिक पांढरी गिळून टाकते आणि पॉपअप उघडतच नाही.

तुटक रेषेचं असं होतंय बघा. लीफलेटमध्ये रेषेचं टोक मुळात गोल असतं, 'लाइनकॅप' राउंड. गोल टोक प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना जाडीच्या निम्म्याने पुढे येतं. तुम्ही 'डॅशअॅरे' ६, ६ दिला आणि जाडी ४ ठेवली असेल तर ६ च्या फटीतले २ या बाजूने आणि २ त्या बाजूने भरले जातात, उरते २ पिक्सेलची फट, ती डोळ्याला दिसतच नाही. लाइनकॅप 'बट' करा, टोकं सपाट होतील आणि फट पूर्ण ६ ची मिळेल. माझं मत विचाराल तर निळी सलग ठेवा आणि लाल तुटक, १०, ६ अशी. कारण दोन्ही रेषा काही ठिकाणी इतक्या जवळून जातात की नुसत्या रंगावर अवलंबून चालत नाही, आणि हे नकाशे शेवटी काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर फिरतात, तिथे निळी आणि लाल सारखीच काळी.

वर-खाली होण्याचं कारण सोपं आहे. सगळे एसव्हीजी आकार एकाच पेनमध्ये, म्हणजे टाइलच्या डब्यासारख्याच एका डब्यात, पडतात, आणि जो शेवटी आला तो वर. लेअर बंद करून चालू केला की तो शेवटी आलेला ठरतो. त्यासाठी स्वतःचं पेन करा, 'क्रिएटपेन' ने 'पूररेषा' नावाचं, त्याचा झेड-इंडेक्स, म्हणजे वर-खालीचा क्रमांक, ४५०. लीफलेटमध्ये टाइल २०० वर असतात, आकार ४०० वर, मार्कर ६०० वर, पॉपअप ७०० वर, म्हणजे ४५० ची रेषा आकारांच्या वर आणि मार्करच्या खाली कायम राहील, कुणी काहीही चालू-बंद करो. पट्ट्यांचा आतला रंग अगदी हलका ठेवा, ०.१५ पुरे, खाली आपलं घर कुठलं ते लोकांना दिसायला हवं ना.

रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीचा मार्कर नक्की टाका. मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, असंच नाशिककर पाणी मोजतात, त्यामुळे नकाशा उघडला की नजर आधी तिथेच जाणार आणि तिथून आपल्या घराकडे येणार. आणि रेषा ज्या अधिकृत नकाशावरून घेतल्यात त्याचं नाव आणि तारीख नकाशावरच, खालच्या कोपऱ्यात, वाचता येईल एवढ्या अक्षरात लिहा. लोक याच्यावरून घर घ्यायचं की नाही ठरवतील, ती जबाबदारी मोठी आहे.

प्रश्न : मॅडम, निफाड तालुक्यातून लिहितोय. बागांच्या नकाशावर द्राक्षाच्या घडाचं चित्र आयकॉन म्हणून लावलं. जवळून बरोबर दिसतं पण झूम आउट केलं की घड आमच्या बागेतून सरकून शेजारच्या शिवारात जातो.

उत्तर : घड जागचा हलत नाही, त्याचा टेकायचा बिंदू चुकलाय. आयकॉनचा साइज सांगितला नसेल तर लीफलेट चित्राचा वरचा डावा कोपरा तुमच्या बिंदूवर ठेवतं, साइज सांगितला असेल तर चित्राचा मध्य. चित्र स्क्रीनवर तेवढंच राहतं आणि जमीन लहान होत जाते, म्हणून जवळून १० मीटर वाटणारा फरक लांबून किलोमीटरचा होतो. चित्र ३२ बाय ४० चं असेल तर 'आयकॉनअँकर' १६, ४० द्या, म्हणजे घडाचं खालचं टोक बरोबर बागेवर टेकेल, आणि 'पॉपअपअँकर' ०, उणे ४० द्या म्हणजे पॉपअप घडाच्या वर उघडेल. चित्राची फाइल मात्र ६४ बाय ८० ची ठेवा, चांगल्या फोनवर फुटत नाही.

प्रश्न : ताई, मी शाळेत शिकवते, नाशिकरोडला. मुलांसाठी फोलियममध्ये नाशिकच्या इतिहासाचा नकाशा करतेय, पांडवलेणी, काळाराम मंदिर, रामशेज वगैरे. पॉपअपमधलं मराठी फार बारीक आणि दाटीवाटीचं दिसतं, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. फॉन्ट बदलायचा कसा, पायथनमध्ये तर तशी सोयच सापडत नाही.

उत्तर : ताई, तुमचा नकाशा मला फार आवडला. पॉपअप हे एचटीएमएल, म्हणजे इथे सीएसएस चालतं, आणि सीएसएस चालतं म्हणजे काहीही करता येतं.

दाटी का होते तर लीफलेटच्या आपल्या सीएसएसमध्ये पॉपअपच्या मजकुराची 'लाइन-हाइट' १.३ आहे, अक्षर १३ पिक्सेलच्या आसपास आणि फॉन्ट हेल्व्हेटिका, एरियल. इंग्रजी अक्षरांना ते पुरतं. आपल्याला वर वेलांटी, रफार, अनुस्वार लागतो, खाली उकार, ऋकार लागतो. 'सीतागुंफा' च्या खाली 'रामकुंड' ची ओळ आली की टक्कर होणारच. मराठीला लाइन-हाइट १.६ आणि अक्षर १६ पिक्सेल, मुलांसाठी १७ सुद्धा चालेल. फॉन्टसाठी मुंबईच्या एक टाइप वाल्यांनी केलेला मुक्ता घ्या, फुकट आहे आणि लहान आकारातही मोकळा दिसतो.

फोलियममध्ये करायचं असं. तुमच्या नकाशाच्या व्हेरिएबलवर 'गेट-रूट' बोलावलं की पूर्ण पानाचा ताबा मिळतो, त्याच्या 'हेडर' ला 'अॅड-चाइल्ड' करून एक 'फोलियम डॉट एलिमेंट' द्या, आणि त्या एलिमेंटच्या अवतरण चिन्हांत फॉन्टची लिंक आणि स्टाइल टॅग जसाच्या तसा लिहा. स्टाइलमध्ये 'लीफलेट-पॉपअप-कंटेंट' या क्लासला फॉन्ट, आकार, लाइन-हाइट. पॉपअपचा पांढरा डबा बदलायचा तर 'लीफलेट-पॉपअप-कंटेंट-रॅपर', आणि खालचं टोक 'लीफलेट-पॉपअप-टिप'. डब्याचा रंग बदलला की टिपचाही बदला, नाहीतर केशरी डब्याखाली पांढरा त्रिकोण लटकत राहतो.

केलं आणि काहीच बदललं नाही असं झालं तर घाबरू नका, ते बऱ्याच जणांचं होतं. तुमची स्टाइल पानात लीफलेटच्या सीएसएसच्या आधी येऊन बसते, दोघांचे नियम सारख्या वजनाचे असले की नंतर येणारा जिंकतो, म्हणजे लीफलेट. त्याला उपाय म्हणून सगळे ठिकठिकाणी 'इम्पॉर्टंट' लावतात, मला ते पटत नाही, पुढे सगळ्याच ओळींना लावावं लागतं. त्यापेक्षा नियम वजनदार करा, आधी 'लीफलेट-कंटेनर', मग जागा सोडून 'लीफलेट-पॉपअप-कंटेंट'. ब्राउझरमध्ये एफ १२ दाबून पॉपअपवर इन्स्पेक्ट केलं की कुठला नियम चालतोय आणि कुठल्यावर काट मारलीय ते ओळीओळीने दिसतं, शिकायला याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

अजून दोन बारीक गोष्टी. पॉपअपची रुंदी उघडताना एकदाच मोजली जाते, फॉन्ट उशिरा उतरला तर मजकूर डब्याबाहेर जाऊ शकतो, म्हणून मुक्ता पानाच्या शीर्षकातही वापरा म्हणजे तो आधीच उतरलेला असेल. आणि 'मॅक्स-विड्थ' ३०० च्या वर फार नेऊ नका, मुलं फोनवरच बघणार. मजकूरही आटोपशीर, पांडवलेण्याला २४ लेणी आहेत, काळारामाला १९३० चा सत्याग्रह आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर, एवढं वाचलं तरी मूल पुढचा प्रश्न तुम्हाला येऊन विचारेल.

प्रश्न : इंदिरानगरहून लिहितोय. नकाशावरची गावांची नावं मराठीत हवीत. काही मराठीत दिसतात, काही इंग्रजीत. सीएसएसने भाषा किंवा निदान फॉन्ट बदलता येईल का?

उत्तर : टाइलवरची नावं म्हणजे चित्रात उमटलेली अक्षरं, २५६ पिक्सेलच्या चौकोनात रस्त्यांसकट छापलेली. तिथे सीएसएस पोचत नाही. मराठी-इंग्रजीची सरमिसळ होते कारण या टाइल ज्याच्यावरून बनतात त्या ओपनस्ट्रीटमॅपमध्ये, लोकांनी मिळून केलेल्या नकाशात, ज्याने ते गाव टाकलं त्याने 'नेम' मध्ये जे लिहिलं ते उमटतं. मराठीसाठी तिथे वेगळा टॅग आहे, 'नेम:एमआर', पण नेहमीच्या टाइल तो वापरत नाहीत.

व्हेक्टर टाइलकडे, म्हणजे चित्राऐवजी डेटा पाठवणाऱ्या टाइलकडे, गेलात आणि त्या दाखवणारं मॅपलिब्रे घेतलंत, तर तिथे नावं डेटा म्हणून येतात आणि स्टाइलमध्ये सांगता येतं की आधी मराठी नाव घे, नसेल तर नेहमीचं. ऐकायला छान आहे, पण मॅपलिब्रे अक्षरं ब्राउझरकडून काढून न घेता स्वतः एकेक अक्षर शेजारी ठेवत नेतं, आणि देवनागरीची जोडाक्षरं त्यात नीट जुळत नाहीत हे जुनं दुखणं आहे. 'त्र्यंबकेश्वर' टाकून बघा, तेवढ्या एका नावात त्र्यं आणि श्व दोन्ही आहेत, तुमच्या सेटअपमध्ये ते सरळ आलं तर बाकी दिंडोरी, सिन्नर, ओझर सगळं येईल. तुटून आलं तर मराठी नावांसाठी तो रस्ता सोडा.

मी सध्या कुणालाही हेच सुचवेन, नावं नसलेला बेसमॅप घ्या, पॉझिट्रॉनचा 'नोलेबल्स' प्रकार असतो, आणि आपल्याला लागणाऱ्या गावांची यादी करून लीफलेटचे कायमचे उघडे टूलटिप त्यांच्यावर ठेवा. टूलटिप एचटीएमएल असल्यामुळे अक्षरं ब्राउझर काढतो आणि ब्राउझरला मराठी उत्तम येतं. टूलटिपला स्वतःचा क्लास द्या, मागचा पांढरा डबा, कड आणि सावली काढून टाका, त्याऐवजी 'टेक्स्ट-शॅडो' ने अक्षरांना चारही बाजूंनी पांढरी किनार द्या. एक कष्ट मात्र पडतो, टूलटिप एकमेकांवर चढले तर लीफलेट त्यांना बाजूला करत नाही. म्हणून गावांचे दोन-तीन थर करा, नाशिक, सिन्नर, निफाड, त्र्यंबक हे पहिल्यात, म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी फाटा पुढच्यात, आणि झूम बदलला की नकाशाच्या डब्याला क्लास लावून-काढून पुढचा थर दाखवा. यादी हाताने करावी लागते, पण आपल्या भागात कुठलं नाव कधी दिसायला हवं हे आपल्यालाच कळतं, ते काम सॉफ्टवेअरवर सोडायचं नाही.

आणि जमलं तर ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडून आपल्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांना नेम:एमआर लिहून टाका. कुणीही करू शकतं, आणि नंतर मराठीत नकाशा करणाऱ्या प्रत्येकाला ते तयार मिळतं.

प्रश्न : खालच्या कोपऱ्यातली ओपनस्ट्रीटमॅपची ओळ डिझाइन बिघडवते. सीएसएसमध्ये 'डिस्प्ले नन' लिहून ती लपवली तर चालेल?

उत्तर : नाही चालणार. २००४ पासून जगभरातल्या लोकांनी आपला वेळ देऊन तो डेटा उभा केलाय, आपल्या नाशकातल्या गल्ल्याही कुणीतरी अशाच बसून काढल्यात, आणि फुकट वापराच्या बदल्यात असा नकाशा दाखवणाऱ्याकडे लायसन्सची मागणी आहे की श्रेय दिसू द्या. दिसू दे पण तुमच्या पद्धतीने, तिचा फॉन्ट, रंग, मागची पट्टी सगळं सीएसएसने बदलता येतं, क्लासचं नाव 'लीफलेट-कंट्रोल-अॅट्रिब्यूशन'. शेजारी 'लीफलेट' असं येतं तो प्रीफिक्स हवा तर काढा, त्याची सक्ती नाही.

प्रश्न : मॅडम, आमचं मंडळ २०२७ च्या सिंहस्थासाठी पिण्याचं पाणी, शौचालयं, मदत केंद्रं यांचा नकाशा करणार आहे. थीम डार्क ठेवलीय, लॅपटॉपवर एकदम भारी दिसतं. अजून काय स्टाइल करता येईल?

उत्तर : आधी ती डार्क थीम काढा. तुमचा नकाशा बघणारी आजी भर उन्हात रामकुंडावर उभी असणार, ओल्या हाताने, नातवाच्या फोनवर, ब्राइटनेस अर्धा. काळ्या पटावर तिला स्वतःचा चेहरा दिसेल, पाण्याची टाकी नाही. पट पांढरट, चिन्हं गडद आणि भरीव.

चिन्हं तीनच ठेवा आणि आकाराने वेगळी करा, पाणी गोल, शौचालय चौकोन, मदत केंद्र अधिकचं चिन्ह. लाल-हिरव्यातला फरक सगळ्यांनाच दिसतो असं नाही, आकार सगळ्यांना दिसतो. यासाठी 'डिव्हआयकॉन' वापरा, ते चित्राऐवजी एचटीएमएलचं चिन्ह, त्याच्या आत मराठीत 'पाणी' असा शब्दच लिहिता येतो. क्लासचं नाव स्वतःचं द्या किंवा रिकामं ठेवा, नाहीतर लीफलेट मागे पांढरा चौकोन आणि करडी कड लावतं. चिन्हाचा दिसणारा आकार ३२ पिक्सेल असला तरी भोवती मोकळी जागा धरून दाबायची जागा ४८ करा. झूमची बटणंही वाढवा, लीफलेटची मूळ २६ पिक्सेलची असतात, टच फोनवर ३०, घाईगर्दीत ती अंगठ्याला सापडत नाहीत.

पाण्याचे ठिपके 'सर्कल' ने काढले असतील तर ते 'सर्कलमार्कर' करा. सर्कलची त्रिज्या मीटरमध्ये असते, झूम आउट केलं की ते टिंबाएवढे होऊन नाहीसे होतात, सर्कलमार्कर पिक्सेलमध्ये असल्यामुळे तेवढाच राहतो. त्र्यंबकेश्वर आणि नाशिक एकाच स्क्रीनवर बघणाऱ्याला हा फरक फार पडतो, दोघांच्या मधे जवळपास ३० किलोमीटर आहेत.

गर्दीत नेटवर्क रांगतं, म्हणून तुमचे ठिपके आणि त्यांचे रंग टाइलवर अवलंबून ठेवू नका. 'लीफलेट-कंटेनर' ला फिका बॅकग्राउंड रंग द्या, नदी आणि मुख्य रस्ते स्वतःच्या छोट्या जिओजेसनमध्ये काढून ठेवा, टाइल आल्या नाहीत तरी गोदावरी, रामकुंड, तपोवन आणि पाण्याच्या जागा एवढं उमटलंच पाहिजे. फाइल तयार झाली की मंडळातल्या एखाद्या साध्या फोनवर टाका, दुपारी बारा वाजता घाटावर जा आणि तिथल्या दोन-चार अनोळखी माणसांच्या हातात देऊन बघा, जिथे त्यांचं बोट अडेल तिथली स्टाइल बदला, मग मला परत लिहा.